धुऊ नको, तसंच दे

माजं म्हायेर भीमाकाठचं, उजनीच्या पान्याकडलं. बाप जाळं टाकायचा, आई बाजार करायची, तवा मासळीचा वास मला वासच वाटत न्हाय बगा. लगीन होऊन सोलापुरात आले, मालक लवकर गेले, मग शुक्रवार पेठेच्या बोळात पाट मांडून बसले. विळीवर मासं कापून द्यायचं, त्याच्यावर दोन पोरी शिकवल्या. ती जागा गेली असती तर काय सांगू तुमाला, आमी उपाशीच मेलो असतो.

आनि जागा जायचीच वेळ आली की. मासं कापलं की मुंडकी, आतडी, खवलं, कल्लं, ढीग पडतो. बोळात बसनाऱ्या आमी चौगी मासंवाल्या संध्याकाळी गटारीला टाकायचो, दुसरं कुटं टाकनार. कुत्री यायची, घान सुटायची. बोळातली मानसं तरी किती सोसतील, त्यांचंबी खोटं न्हवतं. त्यांनी म्हापालिकेत अर्ज दिला, तितलं साहेब आले, म्हनाले मावशी, ही घान बंद करा न्हायतर पाट उचला.

त्याच आटवड्यात महादेवीअक्का आली. वळसंग गावची, लिंगायताची, डाळिंबाची बाग हाय तिची. नाकाला पदर लावून उबी, आनि मागती काय तर आतडी. मी म्हनलं बाई, कशाला गं चेष्टा करतीस. तर म्हनाली, शेतीच्या शिबिरात शिकवलंय, मासळीची घान आनि गूळ ड्रमात मुरवला की झाडाला औशद होतं, माजी फुलं गळायलीत. घरात तिच्या अंडंसुदा चालत न्हाय, सासू कडक, लई भांडून तिनं बांदाच्या पल्याड ड्रम ठेवायची परवानगी काडली होती.

मग मी काय केलं, आता हसू येतं. लिंगायताच्या घरी जानार म्हनून ती घान तीनदा धुतली, नळाच्या पान्यानं, रगडून, वर हळद लावली, घरी कालवनाला लावतो तशी. स्वच्छ करून, नव्या डब्यात घालून दिली. कुनाच्या दारी घान कशी पाटवायची, तुमीच सांगा.

तर ते सगळं नासलं. पान्यानं कुजलं, अळ्या पडल्या, वास पार वस्तीवर गेला. सासू म्हनाली ड्रम उचल न्हायतर तू माझ्या घरात न्हाईस. अक्का एसटीनं रिकामा डबा घेऊन आली, मला वाटलं आता ही भांडनार, घान न्यायची बंद करनार, आनि माजा पाटबी गेला. पन तिनं इचारलं, काय केलतंस ह्याला? मी म्हनलं धुतलं की, हळद लावली, तुमच्या घरी जानार म्हनून. मग तिच्या डोळ्याला पानी आलं, आनि कानडीतच म्हनाली, तोळिब्याड अक्का. धुऊ नको, हाय तशी दे.

दुसऱ्या टायमाला पान्याचा थेंब लागू दिला न्हाय. ताजी घान, तेवडाच गूळ, झाकन सैल. म्हैन्याभरानं उगडलं तर आंबूस गोड वास, काकवीसारका. सासूबाई सोता येऊन हुंगून गेल्या, ड्रम तितंच ऱ्हाऊ दिला. फुलं टिकली. मग कुंभारी गावचं शेतकरी आलं, उजनीकडनं मासळीचा टेंपो येतो तो तिकडचीबी घान बंद डब्यात आनू लागला, आमी चौगी बायका हितंच गुळात घालून ठेवतो, वळसंगवाले नेत्यात. सोमवारी तेवडं कुनी नेत न्हाय, म्हादेवाचा वार. साहेब परत आले, बोळ हुंगला, गटार बगितली, म्हनाले बसा मावशी.

औंदा येळ अमावस्येला, शेताची पूजा करून रानाभवती आंबील शिंपडत्यात त्या सनाला, अक्कानं शेतात बोलवलं. मी लांबच बसले हुते, आपलं मासंवालीचं अंग, पूजेत कुटं मदी जायचं. तर अक्काची म्हातारी सासू उटली, काटी टेकत आली, आंबिलीचं मडकं माझ्या हातात दिलं आनि म्हनाली, तू शिंपड, ह्या रानाला तुजं खानं लागलंय.

व्हय ताई, मी शिंपडलं. साऱ्या रानाभवती फिरून शिंपडलं, आनि रडले. देव त्या सासूसुनांना सुकात ठेवो, त्यांचं डाळिंब असंच लाल होवो. दुसरं काय मागू मी.