साडेचारच्या आत

(आर्नसाइड गावाचा किनारा, खाडीकडे तोंड करून असलेलं बाक. जूनमधला शनिवार, दुपारचे पावणेचार. ब्रायनी आणि तिचा नवरा डेक्लन. दोघांच्या मध्ये कागदात गुंडाळलेली तळलेली मासळी आणि बटाट्याचे काप.)

डेक्लन : परत बघितलंस.

ब्रायनी : काय?

डेक्लन : मनगटाकडे. घड्याळ घरी काढून ठेवून आलीयस, तरी बघितलंस. सव्वातीनपासून चौथ्यांदा.

ब्रायनी : लग्नाच्या वाढदिवसाला बायकोवर असा पहारा ठेवतात का?

डेक्लन : तीन वर्षांत पहिल्यांदाच पावणेचारला तू माझ्या शेजारी बसलीयस. बघून तर घेऊ दे. एरवी या वेळी साडेचारच्या धारा गाठायला मी गाडी पिटाळत असतो आणि तू पुढच्या ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार करत असतेस.

ब्रायनी : सवय आहे रे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

डेक्लन : ती चहावाली बाई तरी काय. तीन वाजले आणि नेहमीसारखं न मागता बिल आणून ठेवलं. वर विचारते, आज गाई संपावर गेल्या का?

ब्रायनी : तिला काय माहीत.

डेक्लन : तू हसलीस आणि मग हात धुवायला म्हणून गेलीस ती पंधरा मिनिटं आलीच नाहीस.

ब्रायनी : रांग होती.

डेक्लन : दुकानात आपण दोघंच होतो, ब्राय.

ब्रायनी : खा ना ते. गार झालं की चामडं होतं त्याचं.

डेक्लन : खातो. सावकाश खातो. आज मला सगळं सावकाश करायचंय. रात्री पावणेदहाला सूर्य त्या पलीकडच्या टेकड्यांमागे जाईल, तोवर मी या बाकावरून हलणार नाही. मग वर लॉजवर जाऊन भाड्याच्या त्या खोलीत झोपायचं आणि सकाळी नऊ वाजता दुसऱ्या कुणीतरी केलेली अंडी खायची.

ब्रायनी : नऊ?

डेक्लन : नऊ. तुझा चेहरा बघ. मी जणू वाळीत टाकतोय तुला.

ब्रायनी : अरे, नऊपर्यंत करायचं काय अंथरुणात?

डेक्लन : तीन वर्षं झाली लग्नाला आणि बायको मला हे विचारते.

ब्रायनी : हळू बोल, त्या कुत्रेवाल्या आजी ऐकतायत.

डेक्लन : ऐकू देत. त्यांनाही कळू दे, माझ्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही. ब्लॅकपूलची रोषणाई भर दुपारी दोन वाजता बघितलेला माणूस आहे मी. नुसत्या तारा. आणि एका तारेवर बसलेलं कबूतर.

ब्रायनी : तू तेव्हा म्हणालास, अंदाज येतो.

डेक्लन : मग काय म्हणणार? स्किप्टनच्या किल्ल्याचा मी दरवाजा बघितलाय. नुसता दरवाजा. विंडरमियरला बोट पलीकडे जाऊन परत यायला वेळ लागतो म्हणून आपण धक्क्यावर उभं राहून बाकीच्यांना टाटा केला. आणि माझ्या आईची साठी? सगळं प्रेस्टन संध्याकाळी सातला जमणार होतं. आईने तुझ्यासाठी बारा वाजता वेगळा केक कापला. दोन केक झाले बिचारीचे.

ब्रायनी : त्यांनी कधी बोलून नाही दाखवलं.

डेक्लन : तुला नाही दाखवलं.

ब्रायनी : आणि आपलं लग्न राहिलंच की यादीत.

डेक्लन : ते कसं राहील? अकराला चर्च, एकला जेवण, तीनला नाच. आणि बदलीवर सांगून ठेवलेला गडी आपल्याच मांडवात पिऊन आडवा.

ब्रायनी : बिचारा रडत होता रे. म्हणत होता, एवढी सुंदर नवरी मी बघितली नाही.

डेक्लन : आणि ती सुंदर नवरी पांढरा झगा कमरेला खोचून, रबरी बूट घालून धारा काढायला गेली. माझ्या मावशीला वाटलं इथली काही रीतच आहे. तिने फोटो काढले.

ब्रायनी : तू आला होतास पाठोपाठ. नव्या कोऱ्या सुटात.

डेक्लन : आणि तुझ्या त्या प्रिमरोजने माझ्या सुटाचं काय केलं ते सांगू का आजींना?

ब्रायनी : तिला तू आवडला नव्हतास.

डेक्लन : कधीच नाही आवडलो. तीन वर्षं मला बघितलं की शेपटी मारायची.

ब्रायनी : गुरुवारी नाही मारली.

डेक्लन : हो. गुरुवारी नाही मारली.

ब्रायनी : सगळ्या कशा लॉरीत चढल्या बघितलंस ना? एकही अडली नाही. मला वाटलं होतं एखादी तरी अडेल. बेचाळीस गाई. त्यांना वाटलं, नव्या कुरणात नेतायत.

डेक्लन : नव्या कुरणातच नेल्या, ब्राय. माणूस चांगला आहे. बघून आलो ना आपण.

ब्रायनी : चांगलाच आहे. पण प्रिमरोजचा डावीकडचा मागचा सड दुखरा आहे, आधी कोमट पाण्याने शेकावा लागतो, तर ती पान्हा सोडते. ते मी त्याला सांगितलं. त्याने लिहून नाही घेतलं.

डेक्लन : लक्षात ठेवेल.

ब्रायनी : आणि बाबा त्यानंतर पाणी मारत बसले गोठ्याला. स्वच्छ होता गोठा. एकदा मारून झालं, परत मारलं. मी म्हटलं, बाबा, पुरे. तर म्हणाले, त्या कोपऱ्यात राहिलंय. काही राहिलं नव्हतं.

डेक्लन : त्यांच्या खुब्याकडे बघ. आणखी एक हिवाळा निभला नसता. तुलाही ठाऊक आहे.

ब्रायनी : ठाऊक आहे म्हणून तर सही केली मी.

डेक्लन : हं. वारा सुटला बघ छान.

ब्रायनी : हो.

डेक्लन : भरतीचा भोंगा होईल आता. पाणी यायला लागेल.

ब्रायनी : डेक्लन, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ब्रिस्टलच्या नोकरीचं विचारायचंय ना?

डेक्लन : आज नव्हतो विचारणार. उद्या, अंडी खाताना विचारणार होतो.

ब्रायनी : सोमवारी कळवायचंय तुला.

डेक्लन : सोमवारी दुपारपर्यंत. पूर्ण कारखाना हाताखाली. आता लोकांच्या अडकलेल्या लिफ्टा सोडवत फिरतो, तिथे नव्या बांधायच्या. पाचला सुट्टी. पाचला, ब्राय. मग दोघांनी नदीकाठी जायचं, सिनेमाला जायचं, नाहीतर काहीच नाही करायचं. तू गेल्या वर्षी याच गावात म्हणालीस, गुरं गेली की तू नेशील तिथे येईन. मी त्यावर एक शब्द बोललो नाही वर्षभर. बोललो का?

ब्रायनी : नाही बोललास.

डेक्लन : गुरं जावीत असंही कधी मनात आणलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदोनदा आणलं.

ब्रायनी : मला माहितेय.

डेक्लन : फोन वाजतोय तुझा.

ब्रायनी : माझे हात तेलकट आहेत. तू घे.

डेक्लन : वॉल्टर आहेत. थांब, स्पीकरवर लावतो, तूच बोल.

वॉल्टर : पोरी, ती टाकी बंद कुठून करायची?

ब्रायनी : कुठली टाकी, बाबा?

वॉल्टर : दूध गार ठेवायची. गुरुवारपासून रिकामीच घुरघुरतेय.

ब्रायनी : दाराच्या डाव्या अंगाला भिंतीवर लाल खटका आहे बघा.

वॉल्टर : तो दिसला मला.

ब्रायनी : मग दाबा तो.

वॉल्टर : दाबतो की. तासभर झाला इथं उभा आहे. तुझी आई नवी आली तेव्हा म्हणायची, हिच्या आवाजानं झोप लागत नाही. पुढं माहेरी गेली की म्हणायची, आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. दाबला की घर एकदम गप्प होईल बघ.

ब्रायनी : राहू द्या आज चालू. उद्या आल्यावर मी करते बंद.

वॉल्टर : वीज जळते फुकटची.

ब्रायनी : जळू द्या, बाबा.

वॉल्टर : बरं. डेक्लन आहे का तिथं?

डेक्लन : आहे, वॉल्टर. जेवलात ना तुम्ही?

वॉल्टर : पाव खाल्ला. तुम्ही मजा करा, सणाचा दिवस आहे तुमचा. हां, आणि पोरी, आयव्ही मेटकाफचा फोन होता. म्हणे सोमवारी पाचला येतेस की साडेपाचला? मी सांगितलं, पाचला. तिच्या गाई साडेपाचपर्यंत कुठल्या थांबायला. बरोबर सांगितलं ना?

ब्रायनी : हो.

वॉल्टर : ऐकू येईना.

ब्रायनी : बरोबर सांगितलंत, बाबा. ठेवते आता.

डेक्लन : सोमवारी.

ब्रायनी : डेक्लन.

डेक्लन : पाचला.

ब्रायनी : सांगणार होते मी.

डेक्लन : कधी? अंडी खाताना?

ब्रायनी : आयव्हीच्या गोठ्यावरचा धारा काढणारा गडी काम सोडून गेला. आठवड्यातल्या सहा सकाळी, तीन तास. काल दुकानात भेटली, तिने विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. विचार करायच्या आधी. घरी येईपर्यंत गाडीत गाणं म्हणत होते. मग फाटकाशी तुझी गाडी दिसली आणि गाणं थांबलं.

डेक्लन : वॉल्टरसाठी केलंस?

ब्रायनी : नाही. बाबांचं नाव पुढे केलं तर सोपं जाईल मला. पण नाही. बाबा रडतील, चिडतील आणि शिकतील. हे माझ्यासाठी केलं.

डेक्लन : मग ते गेल्या वर्षीचं? गुरं गेली की येईन?

ब्रायनी : तेव्हा गुरं होती रे. तेव्हा मला काय ठाऊक, ती गेल्यावर कसं वाटतं ते.

डेक्लन : भोंगा झाला.

ब्रायनी : ऐकला.

डेक्लन : शुक्रवारी सकाळी मी इतका खूश होतो ना. जाग आली, उजाडलेलं होतं आणि तू शेजारी होतीस. गरम. मी हात टाकला तुझ्या अंगावर, मला वाटलं स्वप्नातच आहे.

ब्रायनी : मी साडेचारला उठून बसले होते. पाय खाली सोडले, बूट शोधले. मग आठवलं. परत आडवी झाले. तू झोपेत हसलास आणि जवळ घेतलंस. तुला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि हलत नव्हते, तुला कळेल म्हणून.

डेक्लन : मला वाटलं झोपलीयस.

ब्रायनी : मला कळतं, अर्ध्या दिवसांवर ठेवलं मी तुला.

डेक्लन : एक विचारतो, खरं सांग. या तीन वर्षांत एक तरी दिवस तू पूर्ण माझ्याबरोबर होतीस?

ब्रायनी : सगळे.

डेक्लन : काहीतरीच.

ब्रायनी : सगळे. तुला ते अर्धे वाटतात. विंडरमियरच्या धक्क्यावर आपल्याकडे वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत तू काय काय बोललास ते मी आत्ता सांगू शकते. जायचंय, जायचंय म्हणून मी डोळे भरून बघायचे तुझ्याकडे. आज पावणेदहापर्यंत वेळ आहे आणि कुठे बघावं तेच मला कळत नाही.

डेक्लन : म्हणून ती पंधरा मिनिटं.

ब्रायनी : हो. नळ सोडून उभी होते.

डेक्लन : मला सांगायचंस ना. मी मूर्खासारखा सूर्य सूर्य करत बसलो.

ब्रायनी : मूर्ख नाहीस. मी आयव्हीला फोन करते. आत्ता करते. सांगते, दुसरं कुणी बघ. शब्द दिला होता मी तुला, तिच्या आधी दिला होता. ब्रिस्टललाही काहीतरी काम मिळेल मला. तिथे काय माणसं राहत नाहीत? दे तो फोन.

डेक्लन : हात तेलकट आहेत तुझे.

ब्रायनी : पुसते. दे इकडे.

डेक्लन : नको लावूस.

ब्रायनी : का?

डेक्लन : घरी येईपर्यंत गाणं म्हणत होतीस, म्हणालीस. मी तुला गाणं म्हणताना ऐकलेलंच नाही कधी.

ब्रायनी : गोठ्यात म्हणते. बेसूर आहे.

डेक्लन : ब्रिस्टलच्या पाचव्या मजल्यावरच्या घरात म्हणशील?

ब्रायनी : खरं सांगू?

डेक्लन : नको सांगूस. कळलं.

ब्रायनी : मग तू काय सांगणार त्यांना?

डेक्लन : सांगेन, जमत नाही. पण हे बघ, मी काही संत नाही. मला राग येणार आहे. कधीतरी जानेवारीत, अडकलेल्या लिफ्टमध्ये गुडघ्यावर बसलेला असेन आणि ब्रिस्टल आठवेल. घरी येऊन मी ते भांडणात काढीन. आधीच सांगून ठेवतो.

ब्रायनी : काढ. मी ऐकून घेईन. एकदा.

डेक्लन : दोनदा तरी.

ब्रायनी : बरं, दोनदा. आयव्हीच्या संध्याकाळच्या धारा तिची मुलं काढतात. माझी संध्याकाळ मोकळी असेल. रोज.

डेक्लन : रोज.

ब्रायनी : तू म्हणशील तिथे. बोटीत बसू. पलीकडे जाऊन परत येऊ. पण डेक्लन, तू एवढं सोडतोयस, तुझं काय? तुला काय हवं ते माग ना. नुसतं देऊ नकोस.

डेक्लन : मागू?

ब्रायनी : माग.

डेक्लन : सोमवारी उठशील तेव्हा मलाही उठव.

ब्रायनी : साडेचारला? तू काय करणार उठून?

डेक्लन : काही नाही. तीन वर्षं तू अंधारात उठून गेलीस आणि मी झोपलेला होतो. तू जाताना कशी दिसतेस, ते मी कधी बघितलंच नाही.