शेवटच्या तीस सेकंदांबाबत

मी, तृप्ती ताराचंद खोब्रागडे, वय २५ वर्षे, शिक्षण संगणक पदविका, व्यवसाय खासगी नोकरी (कार्यालयांतील संगणक जोडण्यांची देखभाल), राहणार स्टाफ क्वार्टर, जवाहरनगर, ता. जि. भंडारा. आज दिनांक १४ मार्च २०२३ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, वडील ताराचंद, आई कौशल्याबाई, बहीण सरिता (वय २२) आणि भाऊ अश्वजित (वय २०) असे राहतो. वडील येथील आयुध निर्माणीत (दारूगोळा कारखान्यात) नोकरीस आहेत. सरिताला शाळेपासून फिट येते. औषध चालू आहे. फिट आली की आई तिच्या नाकाला चप्पल लावते. तसे करू नये, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आई तरीही करते.

जानेवारीत सरिताचे साक्षगंध (साखरपुडा) चिखला येथील अंकुश रामटेके याच्याशी झाले. तो खाणीत कामाला आहे. आजाराबद्दल मुलाकडे बोलायचे नाही, असे वडिलांनी ठरवले होते.

आमचा संगणक समोरच्या खोलीत दिवाणासमोर आहे. त्यावरचा कॅमेरा लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गासाठी घेतला होता. वर्ग संपल्यावर मी त्याच्या काचेवर काळी पट्टी चिकटवली होती. साक्षगंधाच्या आधी घर पुसताना आईने ती काढली. फुटका कॅमेरा आहे असे पाहुण्यांना वाटेल, असे तिचे म्हणणे होते.

अश्वजित या संगणकावर लढाईचा खेळ खेळतो. त्याच्या गटात जिल्ह्यातील चौदा मुले आहेत. जानेवारीच्या शेवटी खेळाचे अपडेट आले. त्यानंतर गटाची खिडकी उघडली की कॅमेरा आणि माइक न विचारता चालू होतात. बंद ठेवायचे असल्यास सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागतात. मी हे आमच्या आणि माझ्या ऑफिसच्या संगणकावर तपासले आहे. याबाबत खेळाच्या कंपनीविरुद्ध माझी वेगळी तक्रार आहे.

दिनांक ५ फेब्रुवारी रोजी रविवारी दुपारी सरिताला दिवाणावर फिट आली. मी भंडाऱ्याला गेले होते. घरी आई आणि अश्वजित होते. अश्वजित खेळत होता.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी अंकुशने सरिताला मोबाइलवर एक हलता स्टिकर पाठवला. त्यात एक मुलगी झटके देत आहे आणि एक हात तिच्या नाकाला चप्पल लावत आहे. मुलीचे नाक-डोळे चप्पलेने झाकले आहेत, वाकडे झालेले तोंड तेवढे दिसते. खाली लिहिले आहे, "चप्पल सुंगवा, रिस्टार्ट करा." अंकुशने सोबत लिहिले होते, "आमच्या गेममध्ये कोनी आउट झाला का हेच टाकतेत. हसून हसून पागल झालो."

सरिताने दिवाणावरची चादर ओळखली, आईच्या बांगड्या ओळखल्या. तिने स्वतःला फिट आलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिने अंकुशला उत्तर दिले, "ते मीच आहो."

दुसऱ्या दिवशी अंकुशच्या मामाचा वडिलांना फोन आला. फोन स्पीकरवर होता. "पोरगी बिमार आहे हे सांगा लागत होतं न भाऊ. आता साऱ्या खाणीत पोट्टे तिले रिस्टार्ट म्हनून राहिले. आमी कोन्या तोंडानं वरात आनाची?" लग्न मोडले.

त्या रात्री सरिताने मला विचारले, "ताई, माह्यं तोंड दरवेळी असंच होते का?" मी हो म्हणाले.

यानंतर मी संगणक तपासला. खेळात कॅमेऱ्याच्या चित्राची आणि आवाजाची शेवटची तीस सेकंदे आपोआप साठतात आणि आपोआप पुसली जातात. ती ठेवायची असतील तर त्याच संगणकावरचे एक बटण दाबावे लागते. ते दाबले की फाइल संगणकात राहते आणि गटातील सर्वांनाही जाते. गटातील इतरांना चालू चित्र दिसते, पण त्यांना ते स्वतः ठेवता येत नाही. स्टिकर ज्या चित्रफितीवरून बनला ती मूळ फाइल आमच्या संगणकात आहे. ती मी पेन ड्राइव्हमध्ये हजर करत आहे.

फाइलमध्ये आईचा आवाज आहे, "अश्वजित, पानी आन रे लवकर." त्यावर माइकच्या अगदी जवळचा आवाज आहे, "राउंड चालू आहे, आई." त्यानंतर तोच आवाज, "पाहा रे पाहा, आता चप्पल सुंगवते." मग बऱ्याच मुलांचे हसणे आहे. फाइल तिथे संपते. पाणी आणल्याचे त्यात नाही.

चालू कॅमेऱ्याचे चित्र खेळणाऱ्याला पडद्याच्या कोपऱ्यात दिसत असते.

मी अश्वजितला विचारले. तो म्हणाला, "सगळेच हसून राहिले होते न, ताई. मी नसतं दाबलं तं दुसऱ्या कोनी दाबलं असतं." मी त्याला सांगितले की दुसऱ्या कोणाकडे ते बटण नव्हते.

अश्वजितची निर्माणीत अॅप्रेंटिससाठी निवड झाली आहे. त्याची चारित्र्य पडताळणी याच ठाण्यात आहे. आज येताना वडील म्हणाले, "कंपनीच्या नावानं लिहून दे न. कंपनी कायले येते इथं पाहाले?" आई म्हणाली, "एकीचं तं गेलंच. आता त्याचंबी घालवते का तू?" सरिता घरीच होती. तिला कोणी विचारले नाही. मी विचारले. ती म्हणाली, "खरं काय ते लिही."

आपला संशय कोणावर आहे, असे मला विचारण्यात आले. माझा संशय नाही. कॅमेरा खेळाने चालू केला. बटण माझा सख्खा भाऊ अश्वजित ताराचंद खोब्रागडे याने दाबले.

हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे संगणकावर टंकलिखित केला असून मला वाचून दाखवण्यात आला. त्या वेळी वडील हजर होते. त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. ते पुन्हा वाचून दाखवण्यात आले. ते बरोबर आहे.