शेवंताबाईंचा उजवा गुडघा

मंडळी, एक सांगा! ज्या गोष्टीवर जीव टाकला, तीच देवानं काढून घेतली — तर उरलेल्या आयुष्याचं करायचं काय?

ऐका! मिरजेत शेवंताबाई पाटोळे राहतात. वय छप्पन्न. एकेकाळी खो-खोत जिल्हा गाजवलेला! पुढं शाळेत खेळ शिकवला. पण उजवा गुडघा असा झिजला, की जिना चढताना डोळ्यांत पाणी. इथं किती जणांचे गुडघे दुखतात? हात वर करा! अहो आजोबा, हात म्हटलं — गुडघा नव्हे!

तर ऑपरेशन झालं. अर्धाच सांधा बदलला. डॉक्टर म्हणाले, "चाला, पोहा, सायकल चालवा. पण खो-खो नको. झटक्यानं वळायचं नाही."

बाईंनी ऐकलं किती? "चाला" — एवढंच!

सात महिने व्यायाम केला. दुखणं गेलं! आणि एका संध्याकाळी घरात न सांगता गेल्या मैदानावर. मुलींच्या रांगेत बसल्या. पाठीवर थाप पडली — "खो!"

उठल्या! धावल्या! खांबाशी आल्या. आता वळायचं...

वळल्याच नाहीत हो! गुडघा ठणठणीत होता — मन थिजलं! दोन्ही हातांनी खांब धरला, तो सोडेनात.  एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, धरू का?"

ते शब्द काळजात रुतले!

चार दिवस धड जेवल्या नाहीत. पती विश्वासराव ताट घेऊन समोर बसले. "शेवंता, गुडघा बरा झालाय गं."

"गुडघा बरा झाला हो," त्या म्हणाल्या, "मीच नाही झाले."

 विश्वासराव ताट तसंच धरून बसले.

पाचव्या दिवशी डॉक्टरांचं "पोहा" आठवून बाई पोहण्याच्या तलावावर गेल्या. पोहता येत नव्हतं! उथळ पाण्यात, कठडा धरून, पाय हलवत रडल्या. पाण्यात कोणाला कळतंय?

तुम्ही म्हणाल, मग पोहण्यात गोडी लागली? नाही! मी व्यासपीठावरून खोटं सांगणार नाही. दोन वर्षं झाली — आजही गोडी नाही. तरी रोज जातात. मैदानाचा रस्ता टाळून, लांबच्या वाटेनं जातात.

मंडळी, गोडी असताना नाम कोणीही घेईल! सगळं कडू झाल्यावर, रडत का होईना, जो उठून जातो — त्याची भक्ती खरी. तुमच्यापैकी कोण उद्या असा उठणार आहे? मला नको — आत गाभाऱ्यात विठ्ठलाला सांगा!