बाकी उरली तर चूल!

...आता तुम्हीच सांगा, माहं काय चुकलं? राजेगावले पोरगी पाह्यले गेलतो, पोहे आले, नाव विचारलं, सत्यभामा म्हने, बस, उठाचं होतं की नाही? पन आमचे प्रेमलालमामा! तुम्हाले सांगतो, त्याइच्या तोंडाले झाकनच नाही... 'आमचा टिकाराम बालाघाटले तहसीलीत बाबू हाये, गनितात असा पक्का, असा पक्का! पोरीनं आता शाळा-बिळा सोडाची, घरात शिकलेला एक पुरे!'

झालं! खाली मान घालून बसलेल्या पोरीनं वर पाह्यलं. म्हने, 'मामाजी, मले मास्तरीन व्हाचं हाये. पाहुन्याइनं तीन आकडी नंबर घ्यावा, कोनताही. त्याच्यापुढं तोच पुन्हा लिवावा. त्याले सातानं भागा, येईल त्याले अकरानं, येईल त्याले तेरानं. कुठं एक जरी बाकी उरली तर मी जनमभर चूल फुंकीन. नाही उरली तर मले ट्रेनिंगले पाठवाचं. कबूल?' मामा म्हनते, 'हौ, कबूल!' अरे, लग्न माहं, तुम्ही काहून कबूल करता? माहं काय चुकलं होतं?

मी बी मुद्दाम वाकडा आकडा काढला, तीन सौ नवासी, म्हंजे तुमचं एकोननव्वद. पाटीवर लिवलं ३८९३८९... तीन लाख नवासी हजार तीन सौ नवासी, दम लागते ना भाऊ नुसतं म्हनता म्हनता! सातानं भागलं, बाकी शून्य. अकरानं... शून्य. मले घाम फुटला. तेरानं भागलं, तर शून्य ते शून्य, वरून उत्तर काय? तीन सौ नवासी! माहाच आकडा मले वापस!

तेवढ्यात तिचे बाबा, तेजरामजी, वरडले, 'थांबा! पाहुने तर नव्यान्नव म्हनले होते!' माही गिनती हिंदी शाळेतली, त्याइची मराठी, नवासीचं नव्यान्नव ऐकलं बुवानं! म्हनलं, देव पावला! 'हौ हौ, नव्यान्नवच!' पाटी पुसली, ३९९३९९... सात, अकरा, तेरा... शून्य, शून्य, शून्य! आन् ती कशी शांत! 'तीन आकडे दोनदा लिवले म्हंजे त्याची एक हजार एक पट झाली. आन् सात, अकरा, तेराचा गुनाकार करा, एक हजार एकच येते. बाकी उरन कुठून? पोहे थंडे होऊन राह्यले तुमचे.'

राग याले पाह्यजे होता ना? पन खरं सांगतो, मले पोरगी भलतीच आवडली. सांगा, माहं काय चुकलं?

लग्न झालं, गेली ट्रेनिंगले, झाली मास्तरीन, आमच्याच मोहल्ल्यातल्या शाळेत. आता आमची पोरगी बी तिच्याच वर्गात! परवा साऱ्या मायबापाइले शाळेत बोलावलं. घरी भात रांधून गेलो, लायनीत उभा राह्यलो. आमच्याकडं मास्तरनीले बहनजी म्हनते, जो तो हात जोडून 'नमस्ते बहनजी, नमस्ते बहनजी!' माहा नंबर आला. तिनं चष्म्यातून पाह्यलं, घरच्यासारखं नाही हो, मास्तरनीसारखं! 'मुलगी गनितात कच्ची आहे. घरी कोन शिकवते हिले?'

आता भाऊ, इतक्या लोकाइत काय सांगू? हात आपोआप जोडले गेले, आन् तोंडातून निघून गेलं...

'मीच शिकवतो, बहनजी!'