कॅप्टननी धरून ठेवलेली खुर्ची

आदरणीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरचे हॉटेलमालक, या आठवड्यात निवृत्त होणारे, हॉटेलातल्या वेटरांचे प्रमुख म्हणजे आपले कॅप्टन आणि जमलेल्या जुन्या-नव्या गिऱ्हाइकांनो, मला भाषण येत नाही. मी वजनकाटे तपासते. म्हणून झालेलं क्रमाने सांगते.

एक. नऊ वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या दिवशी मी या मालकांच्या हॉटेलात टेबल घेतलं. समोरच्या खुर्चीवर पर्स ठेवून कॅप्टनना म्हणाले, "काका, ही कुणाला देऊ नका. माझी रूममेट येतेय."

दोन. ती आली नाही. आदल्या दिवशी मी तिला वर्गासमोर 'कॉपी केलीस' म्हणाले होते.

तीन. मी गाडी पकडली. खुर्ची सोडतेय, हे सांगायचं राहिलं.

चार. गेल्या महिन्यात परत आले. आम्हा दोघींच्या चार आवडत्या जागांपैकी दोन पाडल्यात, एकीत दातांचा दवाखाना आहे. चौथी म्हणजे हे हॉटेल. खुर्ची रिकामी. वर पाटी: 'येत आहेत'.

"काका, हे काय?"

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, देऊ नका."

"अहो, नऊ वर्षं?"

"तुम्ही परत काही बोलला नाहीत."

हसताय काय? मधली दोन वर्षं हॉटेलच्या जागी चष्म्याचं दुकान होतं, आठवतंय ना? कॅप्टन खुर्चीपायी तिथेही नोकरीला राहिले. लोक उभ्याने अक्षरं वाचायचे! स्वतःच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मालक खोक्यावर बसले होते. खोटं असेल तर सांगा, मालक. बघा, मान खाली घातली.

कॅप्टनना आता नव्या माणसाला चार्ज द्यायचाय. "त्या येणार की नाही, एवढंच सांगा, ताई," म्हणाले. 'सोडा' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मला म्हणवलं नाही.

आज या सभागृहात दोनशे खुर्च्या आहेत. पहिल्या रांगेतली ती पाटीवाली कॅप्टननी स्वतः उचलून आणली. मघाशी एक बाई तिच्यावर टेकल्या, तर कॅप्टन धावले: "इथे नको, ताई, कुणीतरी येणार आहे." त्या उठल्या. आता मागे दाराशी उभ्या आहेत.

काका, तीच ती.

कॅप्टन, तुमचे आभार मानायला माझ्याकडे माप नाही. मंडळी, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. नऊ वर्षांपूर्वी वर्गासमोर जे बोलले, त्यात तर एक शब्दही खरा नव्हता. त्याची माफी वेगळी मागते, दाराकडे बघून.

कॅप्टनची शेवटची पाळी शनिवारी आहे. बसणार, की खुर्ची सोडायची, हे शनिवारपर्यंत कळवावं. मला नाही कळवलं तरी चालेल. काकांना कळवा.