सतरंजीच्या कडेचे बूट

तुम्ही हसाल, पण लंडनमधल्या हॅरोच्या पार्कातसुद्धा आमच्या सतरंजीवर बूट चालत नसत. नव्वदच्या सुमारास मुलगी शाळेत होती.

"बाबा, सगळे बघतायत. सो एम्बॅरसिंग!"

"बघू देत. काढ."

तिनं रडवेल्या तोंडानं बूट काढून भिरकावले. तेवढ्यात चेरीच्या झाडाखाली एक जपानी कुटुंब आलं. चटई अंथरून आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी बूट काढले आणि कडेला ओळीत लावले.

"बघितलंस?" मी एवढंच म्हटलं.

पोरगी मुकाट्यानं उठली. आमचे सगळ्यांचे बूट तसेच लावत म्हणाली, "बाबा, सगळ्यात वाकडे तुमचेच होते."

बायको पोट धरून हसली. मी नाही हसलो.

बूट मात्र अजून सरळ ठेवतो.