पाटलीणबाईचा पाय

नोको, नोको, पाळकीणबाई, रविवारच्या उपदेशात माह्यं नाव नोका घेऊ म्हना पाळकसाहेबाले — नम्रता पाहाची असंन तं आपल्या दवाखान्यातली सोजरा नर्स पाहा, असं म्हननार म्हंता? काऊन, तं पाटलीणबाईचा सडका पाय धुतला म्हनून? धुतला ना. रोज धुतला. बसा त्या बाकावर, ह्या पट्ट्या पिळता पिळता सांगते — तुमी नवीन हाय इथं, कायले धुतला ते तरी समजंन.

माह्यी माय झुंबरा. डोणगावापासल्या एका खेड्यात आमी महारवाड्यात राहो, अन् अन्नपूर्णाबाई तिथल्या पाटलाची बायको. माय त्याईच्या घरी काड्या-गवऱ्या नेऊन टाके. एकडाव अंगणात खाटेवर कुरडया वाळू घातल्या होत्या, त्याईले मायचा पदर लागला — वाऱ्यानं उडाला, बाई, मायनं काय मुद्दाम लावला? अन्नपूर्णाबाईनं समद्याईसमोर मायले भुईवर नाक घासाले लावलं. मी मायच्या मांगंच उभी होती. तवापासून माय मरेपर्यंत तोंडावर पदर धरूनच बोले — माह्यासंगही. पुढं मी मिशनच्या बोर्डिंगात आली, बाप्तिस्मा झाला, दवाखान्याच्या गोऱ्या मडमसाहेबानं नर्सचं काम शिकवलं.

अन् यंदा दवाखान्यापुढं बैलाची दमणी थांबली, तं त्यातून कोन उतरावं? तेच अन्नपूर्णाबाई. बाभळीचा काटा मोडून पाय सडलेला, वैद्यानं हात टेकलेले, संगं लेक रंगराव. मडमसाहेब म्हने, हा पाय वाचला तं सोजराच्याच हातानं वाचंन. मले कोनी वळखलं नाही — पांढरं लुगडं, नीट बोलनं, नागपूरकडची कोनी असंन समजले. पानी मात्र पेयाचं ते घरच्याच तांब्यातलं, हां. तवाच मी ठरवलं — हिले बरी कराची. चांगली चालती कराची. अन् ज्या दिशी ती घरी जाईन, गावची मानसं घ्याले येतीन, त्या दिशी वाकून म्हनाचं — बाई, मी महारवाड्यातल्या झुंबराची लेक, इतके दिवस तुमाले मीच शिवली. मंग पाहाचं पंगतीत हिच्या मांडीले मांडी लावून कोन बसते ते.

म्हनून धुतला, बाई. व्हरांड्यात, गुडघे टेकून, समद्याईच्या देखत. मडमसाहेबाचे डोळे भरून येत. सांजच्या प्रार्थनेत मी रोज मागो — देवा, मले आनखी नम्र कर. मनापासून मागो. मी जितकी वाकीन तितकी ती उंचावरून पडीन ना.

काल दमणी आली. रंगराव, सुना, गावची चार मानसं. मी हात पुसून पुढं झाली, तोंड उघडनार, तं तीच म्हने — "सोजरा, पानी दे वं." रंगरावानं घरचा तांब्या पुढं केला. तिनं तो बाजूले सारला. "हिच्या हातचं पायजे." काय करू मी? आपल्या माठातलं देलं. पेली समदं, ओठ पुसले, अन् लेकाले म्हने, "हे आपल्या झुंबराची पोरगी हाय. मले पयल्याच दिशी तोंडवळ्यावरून समजलं होतं. गावात कोनी इचारलं तं सांगजा, माय हिच्या हातचं पानी पेली." रंगरावाचं तोंड उतरलं. सुना मांगं सरकल्या. लंगडत लंगडत एकटीच चढली दमणीत, हात कोनी देला नाही तिले — मीनंही नाही देला.

समजलं काय, बाई? मी सांगनार होती, तेच माह्या हातचं हिसकून नेलं तिनं. रोज पाय माह्या मांडीवर देऊन पडून राहे — समदं ठाऊक असून, हूं नाही का चूं नाही. बाप्तिस्मा नाही, कधी येशूच्या देवळात पाय ठेवला नाही, अन् माह्याही खाली जाऊन बसली. मी कुठं जाऊ आता, आनखी किती वाकू? माह्या मायनं नाक घासलं, ते तं तसंच राह्यलं ना.

रविवारी प्रभुभोजनाले मी येनार नाही, मनात वैर ठेवून ते भाकर घेता येत नाही. पाळकसाहेबाले सांगा, नाव घ्याचंच असंन तं अन्नपूर्णाबाईचं घ्या. ते खरं होईन.

नाही — थांबा. तिचंही नोका घेऊ. तिचं चांगलं कोनी माह्यासमोर बोललं, तं मी उठून बाहीर जाईन, भर उपासनेतून. असं पाहू नोका माह्याकडं. अन् त्या पट्ट्या कायले घेतल्या हाती? ठेवा खाली, माह्या मी पिळते.

जा तुमी.